रोइंग मशीनवरचा स्प्लिट: वाचायचा कसा, काढायचा कसा

पावसाळ्यात होड्या शाकारल्या की कोकणपट्टीत वल्हवणाऱ्याच्या सरावाला जिममधलं रोइंग मशीन बरं. खाडीत घड्याळ लावलं तरी भरती-ओहोटी हिशोब बिघडवते. मशीनवर तो प्रश्नच नाही, त्यामुळे आजचा आकडा कालच्याशी सरळ ताडता येतो.

मॉनिटरवरचा २:१५ हा आकडा म्हणजे स्प्लिट, ५०० मीटरला लागणारी वेळ. याच जोराने ओढत राहिलात तर ५०० मीटरला २ मिनिटं १५ सेकंद लागतील. म्हणजे आकडा जितका कमी, तितके तुम्ही वेगात.

सरासरी स्प्लिट काढताना आधी सगळी वेळ सेकंदांत करा, ५०० ने गुणा आणि अंतराने भागा. ५००० मीटरला २३:२० लागले, तर १४०० × ५०० ÷ ५००० = १४० सेकंद, म्हणजे २:२०. बहुतेकांची चूक इथेच होते: मिनिटांतच भागाकार केला की कॅल्क्युलेटर २.३३ दाखवतो आणि ते २:३३ समजलं जातं. त्या .३३ ला ६० ने गुणा, २० सेकंद येतात.

दोन स्प्लिटची सरासरीही जपून काढा. १० मिनिटं २:०० ने (२५०० मीटर) आणि १० मिनिटं २:३० ने (२००० मीटर) ओढलंत, तर २० मिनिटांत ४५०० मीटर झाले, स्प्लिट २:१३.३ येतो, २:१५ नाही. दोन्ही तुकड्यांचं अंतर सारखं असेल तरच सरळ सरासरी चालते.

आकडा खाली आणणं दिसतं तेवढं सोपं नाही. कॉन्सेप्ट टू या कंपनीच्या मशीनवर वॅट = २.८० ÷ (एका मीटरला लागलेले सेकंद)³. २:३० ला सुमारे १०४ वॅट लागतात, २:०० ला २०३. वेग चौथ्या हिश्शाने वाढवायचा तर ताकद जवळजवळ दुप्पट लागते! म्हणून एकदम दहा सेकंद कमी करायला जाऊ नका, दोन-दोनने उतरा.

डॅम्पर (मशीनच्या पंख्यात जाणारी हवा कमी-जास्त करणारा खटका) १० वर नेला म्हणून स्प्लिट आपोआप सुधारत नाही, फक्त प्रत्येक ओढ जड होते आणि कंबर लवकर बोलायला लागते. ३ ते ५ पुरे. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की त्याच ४ वर ओढ हलकी लागते, तेव्हा दोन मशीनची तुलना करताना डॅम्पर न बघता मॉनिटरच्या मेनूतला ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला प्रत्यक्षात किती अडथळा होतो तो आकडा, बघा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. दर ५० तासांच्या वापरानंतर ती पुसून तेल द्या, आणि सीट सरकते ती पट्टी रोज फडक्याने पुसा.