टाकीत तेल कुठवर, पाणी कुठवर? मोजताना या चुका टाळा

मी अकोट बाजूच्या एका सरकी तेलाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचं काम पाहतो. तेल गरम पाण्यानं धुतलं का टाकीत स्थिर होऊ द्यायचं, पाणी खाली बसतं, तेल वर राहतं, मग खालचं पाणी सोडून द्यायचं. वॉल्व बंद करायला उशीर झाला का तेल नालीत, घाई केली का पाणी पुढं ड्रायरमध्ये. म्हणून या दोघांमधली रेघ, म्हणजे इंटरफेस, नेमकी कुठं आहे ते कळायला पाहिजे.

सगळ्यात जास्त फसवते ती टाकीबाहेरची काचनळी. एकदा रात्रपाळीच्या पोरानं फोन केला, "भाऊ, काचेत तं पानीच पानी दिसून रायलं, तेल गेलं कुठं?" तेल कुठंच गेलं नव्हतं. नळीचं खालचं तोंड पाण्यात होतं आणि वरचं तेलाच्याही वर, रिकाम्या जागेत, मग नळीत तेल शिरणार कुठून? टाकीत आधी पाणी घेतलेलं, तेल नंतर वरून आलं, त्यामुळं नळीत नुसतं पाणी चढत गेलं. हिशोब करून बघा, टाकीत 1 मीटर पाणी, त्यावर 2 मीटर तेल, तेलाची घनता 0.92 धरली तर दाब सारखा व्हायला नळीत 2.84 मीटर पाणी उभं राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं टाकी पाण्यानंच भरली. नळीचं एक तोंड तेलात, एक पाण्यात आणि दोन्ही कायम बुडालेली पाहिजेत. टाकी उंच असेल तर मधेही तोंडं काढून घ्या, वेल्डिंगचा खर्च नालीत गेलेल्या तेलापेक्षा कमीच येतो.

डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दोन उंचींवरच्या दाबातला फरक मोजणारा, लावला म्हणजे सुटलो असं नाही. दोन टॅपिंगमध्ये, म्हणजे दाब घ्यायच्या तोंडांमध्ये, 1 मीटर अंतर असेल तर पूर्ण तेलाला 920 मिलिमीटर पाण्याइतका दाब, पूर्ण पाण्याला 1000, म्हणजे खेळ सगळा 80 मिलिमीटरचा आणि लोक रेंज टाकतात 0 ते 1000! मग आकडा हलत नाही म्हणून ट्रान्समीटर खराब ठरवतात. त्यात तेल वरच्या टॅपिंगच्या खाली नुसतं 9 सेंटिमीटर उतरलं तरी हा 80 चा सगळा हिशोब बुडाला. आणि घनता टाकीतल्या तापमानाची घ्या राजेहो, लॅबच्या कागदावरची थंड तेलाची नको.

गाइडेड वेव्ह रडार, म्हणजे टाकीत सोडलेल्या दांड्यावरून (प्रोबवरून) लहर पाठवून लेव्हल मोजणारा, आमच्याकडं बरा चालतो, कारण तेल वर आहे. रडारची लहर तेलातून पुढं जाते आणि पाण्यावरून परत येते, पण तेलात ती हळू चालते, म्हणून तेलाचा डायइलेक्ट्रिक, म्हणजे लहर किती हळू होते ते ठरवणारा आकडा, सेटिंगमध्ये बरोबर भरावा लागतो. तो 3 च्या जागी 2 भरला तर 1 मीटरचा तेलाचा थर 1.22 मीटर दिसतो, म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा 22 सेंटिमीटर खाली, आणि तुम्ही वॉल्व लवकर बंद करून मोकळे.

फ्लोटवाल्यांनी, म्हणजे तरंगत्या गोळ्यानं लेव्हल मोजणाऱ्यांनी, हिवाळ्यात जपा. सरकीचं तेल थंडीत गोठायला लागतं, फ्लोट दांड्याला चिकटून बसतो आणि आकडा रात्रभर एकच, त्यावर पाळीवाले खूश का लेव्हल एकदम स्टेडी आहे.

पण मला खरं छळलं ते साबणानं. न्यूट्रलायझिंगनंतर, म्हणजे कॉस्टिकनं तेलातलं आम्ल काढल्यावर, तयार झालेला साबण तेलात राहून गेला का धुताना ताकासारखा पांढरट थर तयार होतो, ना धड तेल ना धड पाणी. तिथं रेघच नसते तर रडार दाखवणार काय? मी दोन दिवसांत तीनदा प्रोब पुसला, सेटिंग बदललं, कंपनीच्या माणसाला फोनवर शिव्या घातल्या. शेवटी वेगवेगळ्या उंचीच्या सॅम्पल कॉकमधून काचेच्या बाटल्या भरल्या आणि टेबलावर ठेवून चहाला गेलो. परत आलो तर वरच्या बाटलीत तेल, खालच्या बाटलीत पाणी आणि मधल्या दोन बाटल्या तशाच पांढऱ्या. मग प्रोब सोडला आणि धुण्याच्या पाण्याचं तापमान बघायला गेलो.