श्रीमंत देश महासत्ता होईल का, हे कसं तपासावं: जर्मनीच्या आकड्यांवरून

आधी व्याख्या पक्की करा. जो देश स्वतःच्या निर्णयाने, जगाच्या कोणत्याही टोकाला, फौज आणि पैसा लावून परिस्थिती पालटू शकतो आणि ते वर्षानुवर्षं निभावू शकतो, ती महासत्ता. दरडोई उत्पन्न इथे बाजूला ठेवा. आणि गुणांची बेरीज करू नका, कच्चा दुवा शोधा. बाकी सगळं भक्कम असलं तरी तोच दुवा मर्यादा ठरवतो.

सुरुवात आकारापासून. २०२४ चं जर्मनीचं सकल उत्पन्न (जीडीपी) सुमारे ४.७ लाख कोटी डॉलर, म्हणजे जगात तिसरं. अमेरिकेचं सुमारे २९ लाख कोटी. लोकसंख्या ८.४ कोटींच्या आसपास. आकडे बाजारभावाच्या विनिमय दराने घ्या, कारण तेल आणि परदेशी विमानं त्याच दराने विकत घ्यावी लागतात. क्रयशक्तीचा आकडा, म्हणजे त्या देशातली स्वस्ताई-महागाई धरून काढलेला, सैनिकांचे पगार, बांधकाम अशा देशांतर्गत खर्चापुरता वापरा. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की हमखास चुकीचं उत्तर येतं.

मग कायदा आणि करार वाचा. घाईत हीच पायरी सुटते. १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत झालेल्या, पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या करारात जर्मनीने अण्वस्त्रं, जैविक आणि रासायनिक अस्त्रं कायमची नाकारली आणि सैन्याची कमाल मर्यादा ३ लाख ७० हजार मान्य केली. प्रत्यक्षात गणवेशातली माणसं १ लाख ८० हजारांच्या घरात आहेत. म्हणजे संख्येची अडचण कराराची नाही, माणसं मिळण्याची आहे; सक्तीची लष्करी सेवा २०११ मध्ये स्थगित झाली आणि जननदर दर स्त्रीमागे १.४ मुलांच्याही खाली आहे. अण्वस्त्रांची अडचण मात्र कराराचीच.

आता एक निर्णय हातात घ्या आणि तो कुणाकुणाच्या टेबलावरून जातो ते कागदावर उतरवा. परदेशात सशस्त्र तुकडी पाठवायची तर मंत्रिमंडळाचा प्रस्ताव बुंडेस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, मंजूर व्हावा लागतो. घटना न्यायालयाने १९९४ मध्ये हे बंधन स्पष्ट केलं. मंजुरीत सैनिकांची कमाल संख्या आणि मुदत लिहिलेली असते. शस्त्रखरेदीचंही तसंच. अडीच कोटी युरोंवरचा प्रत्येक करार संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे जातो. लोकशाहीसाठी ही शिस्त मोलाची आहे, आणि जर्मनीचा इतिहास पाहता ती मुद्दाम घातलेली आहे. पण तिच्यामुळे वेग मंदावतो, हे हिशेबात धराच.

पैशांच्या घोषणा आणि प्रत्यक्ष ताकद यांत गल्लत करू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर झाला. मार्च २०२५ मध्ये घटना बदलून, सकल उत्पन्नाच्या १ टक्क्यापलीकडचा संरक्षण खर्च सरकारी कर्जावर घटनेने घातलेल्या मर्यादेतून वगळला. तेव्हा पैसा हा कच्चा दुवा उरलेला नाही. मोजायचं असेल तर वाहतूक मोजा. विमानवाहू नौका एकही नाही. ए-४०० एम वाहतूक विमानं आहेत, पण फार अवजड सामानासाठी लाइपझिगहून भाड्याच्या अँतोनोव्ह-१२४ विमानांवर भिस्त राहिली आहे.

चलनाची तपासणी सुएझच्या उदाहरणाने करा. इजिप्तने ताब्यात घेतलेला सुएझ कालवा परत मिळवायला ब्रिटनने फौज उतरवली होती. १९५६ मध्ये ब्रिटनकडे अणुबाँब होता, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होता, विमानवाहू नौका होत्या. पौंड घसरू लागला, अमेरिकेने आधार द्यायला नकार दिला आणि मोहीम गुंडाळावी लागली. जर्मनीकडे तर स्वतःचं चलनच नाही. युरोची मध्यवर्ती बँक फ्रँकफुर्टमध्ये असली, तरी तिच्या नियामक मंडळात पाच मोठ्या देशांच्या गव्हर्नरांत मिळून चार मतं पाळीपाळीने फिरतात. त्यामुळे दर पाच महिन्यांत एक महिना जर्मन मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षाला मतच नसतं.

ऊर्जेची पायरी थोडक्यात उरकते: २०२१ मध्ये आयात वायूतला निम्म्याहून अधिक वायू रशियाचा होता आणि शेवटच्या अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या. म्हणजे इथेही भिस्त इतरांवर.

उलटी चाचणीही घ्या: हा देश काय अडवू शकतो? इथे जर्मनी खरोखर बलवान आहे. जर्मनीने जानेवारी २०२३ मध्ये परवानगी देईपर्यंत इतर देशांकडचे जर्मन बनावटीचे लेपर्ड-२ रणगाडे युक्रेनला जाऊ शकले नाहीत. थायलंडची चीनमध्ये बांधली जाणारी पाणबुडी जर्मन इंजिनाला परवाना न मिळाल्याने वर्षानुवर्षं रखडली. भारतालाही हा संबंध परका नाही. भारतीय नौदलाच्या शिशुमार वर्गातल्या चार पाणबुड्यांपैकी दोन जर्मनीतल्या कीलमध्ये आणि दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या, आराखडा जर्मनच.

सगळं जुळवल्यावर उत्तर असं निघतं: एकटा जर्मनी महासत्ता होऊ शकत नाही. पैसा आहे, कारखाने आहेत. एकट्याने निर्णय घ्यायची मुभा आणि अण्वस्त्रं नाहीत. वाट उरते ती युरोपीय संघाची. सुमारे ४५ कोटी माणसं, अमेरिकेच्या दोन तृतीयांश सकल उत्पन्न. पण तिथे परराष्ट्र धोरणाला २७ देशांचं एकमत लागतं, म्हणून निर्णयाच्या वाटेचा कागद संघासाठी नव्याने काढा. एकमताऐवजी बहुमत मान्य झालं, फ्रान्सची अण्वस्त्रं संघाच्या संरक्षणाशी लेखी बांधली गेली किंवा संरक्षणासाठी कायमस्वरूपी सामाईक कर्ज उभं राहू लागलं, तर ही तपासणी पहिल्यापासून पुन्हा करा.