नकाशात एकाच देशाचे तुकडे पडत होते, ते असं सुटलं
वेटेड ग्राफचा (नोड म्हणजे ठिपके, एज म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि वेट म्हणजे ती जोडणी किती घट्ट आहे तो आकडा) नकाशा काढला की प्रत्येक क्लस्टर, म्हणजे नोडचा एकेक गट, एका रंगाच्या देशासारखा दिसतो. पण माझा एकच क्लस्टर तीन ठिकाणी विखुरलेला दिसायचा, एकाच रंगाची बेटंच बेटं नुसती. रंगांशी खेळून काही होईना, कारण लफडं लेआउटमध्ये, म्हणजे नोड कुठे मांडलेत त्यात होतं. ग्राफविझ या ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोडची मांडणी करणाऱ्या नीटोला एजची लांबी लेन (len) या सेटिंगमधून कळते, ती दिली नाही तर सगळ्या एज सारख्याच लांबीच्या धरतो, मग जास्त वेटच्या एजने जोडलेले नोड जवळ येणार कसे? म्हणून लेनमध्ये एक भागिले वेट टाकलं, क्लस्टरच्या आतल्या एजची लेन आणखी थोडी कमी केली, नोड एकमेकांवर चढू नयेत म्हणून ओव्हरलॅपला प्रिझम ही पद्धत लावली आणि मग देशांचा नकाशा बनवणारं जीव्हीमॅप चालवलं. देश बऱ्यापैकी सलग झाले. एकदोन नोड अजून परक्या मुलखात आहेत, पण त्यांच्या एज खरंच दोन्हीकडे आहेत, ते तसेच ठेवलेत.