तोल जातोय? पायांना दोष देण्याआधी या चुका टाळा

चालताना झोक जायला लागला की बहुतेक जण पायांच्या ताकदीमागे लागतात. ताकद हवीच, पण शरीर कुठे आहे आणि कसं हलतंय ही खबर मेंदूला धड मिळत नसेल, तर दणकट पायही अडखळतात. ही खबर येते तीन वाटांनी: डोळे, कानाच्या आतली तोलयंत्रणा, आणि स्नायू, सांधे व तळव्यांतले संवेदक. तिन्ही सारख्याच मोलाच्या नसतात. त्या क्षणी जी भरवशाची, तिच्यावर मेंदू जास्त विसंबतो. अंधारात डोळ्यांचा भाव उतरतो, मऊ गादीवर तळव्यांचा.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे पावलांकडे बघत चालणं. डोळ्यांनी पाहून हालचाल सुधारायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातोच. स्नायूंकडून आलेला इशारा त्याहून लवकर कामाला लागतो. शिवाय मान खाली गेली की पुढचा अडथळा उशिरा दिसतो. सपाट जागी नजर चार-पाच पावलं पुढे ठेवा. मात्र मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, तर पायांकडे बघण्याची सवय जबरदस्तीने मोडू नका. तिथे डोळे हरवलेल्या संवेदनेची जागा भरून काढत असतात. इयान वॉटरमन यांची मानेखालची स्पर्शाची आणि शरीरस्थितीची जाणीव वयाच्या १९व्या वर्षी आजारपणात गेली. स्नायू शाबूत होते, तरी प्रत्येक हालचाल त्यांना डोळ्यांनी पाहत नव्याने शिकावी लागली.

घोटा मुरगळल्यावर दुखणं थांबलं की व्यायाम सोडून देणं, ही दुसरी चूक. लिगामेंटबरोबर (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) तिथली जाणीवही दुखावलेली असते, म्हणून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. भिंतीजवळ अनवाणी, मुरगळून बऱ्या झालेल्या त्या एका पायावर उभे राहा. घोट्यापुढचे स्नायूंचे दोर थरथरताना दिसतील. ती मेंदूची दुरुस्ती चालू आहे, घाबरू नका. बोटं आवळून जमीन पकडू नका. हे स्थिर जमलं की मगच, भिंतीला हात टेकवून, डोळे मिटा. पहिल्याच दिवशी डोळे मिटून उशीवर उभं राहणं हा निव्वळ उतावळेपणा.

चक्कर येते म्हणून डोकं ताठ धरून बसणं सगळ्यात महागात पडतं. डोकं वळलं तरी नजर स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात घडते. कानातला बिघाड झाल्यावर ती नव्याने जुळवायला लहान मेंदूला चूक दिसावी लागते, आणि डोकं हललंच नाही तर चूक दिसणार कशी? डॉक्टरांनी परवानगी दिली की हात लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर रोखा आणि मान डावी-उजवीकडे फिरवा. नख पुसट झालं तर वेग कमी करा. थोडी गरगर अपेक्षितच आहे. चक्करेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर ही जुळवणी रेंगाळते. त्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

अचानक तोल जाण्याबरोबर बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा एकाची दोन दिसू लागली, तर व्यायाम करत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.