मानेतील जन्मजात गाठ आणि कर्करोग: निदानातील या चुका टाळा

नाशिकमधील आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत निफाड, सुरगाणा, मालेगावपासून मानेच्या गाठींचे नमुने येतात आणि सोबतच्या फॉर्मवर बहुधा ‘नेक सिस्ट’ (मानेतील पाण्याची गाठ) एवढेच लिहिलेले असते. वय, गाठ मध्यभागी की बाजूला, सोनोग्राफीत काय दिसले, यांपैकी काहीही नसते.

सर्वांत घातक चूक म्हणजे चाळिशीनंतर मानेच्या बाजूला प्रथमच दिसलेल्या पाण्याच्या गाठीला ब्रँकियल सिस्ट (मानेच्या बाजूची जन्मजात पाण्याची गाठ) म्हणून मोकळे होणे. निफाडकडच्या एका पन्नाशी उलटलेल्या द्राक्ष बागायतदारांची गाठ मऊ होती, दुखत नव्हती आणि त्यांना तंबाखूचे व्यसनही नव्हते. सुईच्या तपासणीत केवळ पिवळसर द्रव व झिजलेल्या पेशी आल्या, म्हणून एका रुग्णालयात घाईने गाठ काढली गेली. माझ्याकडे आलेल्या काचपट्टीवर स्क्वेमस (चपट्या पेशींचा) कर्करोग होता. सर्जनने उत्साहाने विचारले, “ब्रँकियल सिस्टमधलाच कॅन्सर म्हणायचा ना?” मी आधी पी-१६ (एचपीव्ही विषाणूशी निगडित घशाच्या कर्करोगाची खूण असलेले प्रथिन) तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली, आणि टॉन्सिलच्या बायोप्सीत मूळ कर्करोग सापडला. गाठ ही त्याची लसिकाग्रंथीत पसरलेली शाखा होती. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ आधी पाहिले असते, तर उपचारांची आखणी पहिल्या दिवसापासून नीट झाली असती.

ब्रँकियल सिस्टमध्येच उगम पावणारा कर्करोग अत्यंत दुर्मीळ आहे. अमेरिकी सर्जन हेज मार्टिन यांनी १९५० मध्ये त्यासाठी कडक निकष मांडले: सिस्टच्या अस्तरातूनच कर्करोग उगवताना दिसला पाहिजे आणि पाच वर्षे पाठपुरावा करूनही मूळ गाठ इतरत्र सापडता कामा नये. म्हणून मी अहवालात हे नाव लिहीत नाही. ‘मूळ जागा शोधावी’ असे लिहितो. दुर्मीळ निदानाचा मान मिळवण्याची घाई नवशिक्यांनी सोडावी. थायरॉइडच्या पॅपिलरी (सर्वाधिक आढळणाऱ्या) कर्करोगाची पसरणही अशीच पाण्याची गाठ होऊन येते, तेव्हा सुईने काढलेल्या द्रवात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) जरूर मोजून घ्यावे.

मध्यरेषेतील, जीभ बाहेर काढल्यावर वर सरकणाऱ्या थायरोग्लॉसल सिस्टमध्ये (गर्भात थायरॉइड जिभेपासून खाली उतरते त्या नलिकेच्या अवशेषातून होणारी जन्मजात गाठ) सुमारे १ टक्का वेळा कर्करोग आढळतो आणि तो बहुतांशी पॅपिलरी असतो. येथे सुईचा ‘निगेटिव्ह’ अहवाल निर्णायक मानू नये, कारण सुईत बहुधा द्रवच येतो. सोनोग्राफीत भिंतीला चिकटलेला घन भाग किंवा कॅल्शियमचे बारीक कण दिसले, तर सुई त्याच भागात घालावी. गाठ काढण्यापूर्वी थायरॉइड जागेवर आहे याची खात्री करावी. क्वचित ती गाठ हीच रुग्णाची एकमेव थायरॉइड असते. नुसती गाठ सोलून काढणे हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही; १९२० पासून रूढ असलेल्या सिस्ट्रंक शस्त्रक्रियेप्रमाणे जिभेखालच्या हायॉइड हाडाचा मधला भाग व नलिकाही काढली पाहिजे.

नमुना सलाइनमध्ये पाठवू नये. दहा टक्के फॉर्मलिन भरपूर वापरावे, गाठ अखंड ठेवावी आणि भिंतीत टणक भाग लागल्यास तेथे दोरा बांधून तसे फॉर्मवर लिहावे, म्हणजे मी पहिला छेद तेथूनच घेईन.