शिकागो कब्जचा 1906 चा हंगाम वहीत कसा उतरवायचा

आधी शंभर पानी वही घ्या आणि शिसपेन्सिल. पेन नको. तीस वर्षं यावल तालुक्यातल्या एका शाळेत मी पीटी शिकवली, सॉफ्टबॉलच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसलो. पेनाने लिहिलेली स्कोअरशीट दुरुस्त करायला बसलं की काय ताप होतो, ते मला विचारा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की आमच्या मैदानावर दुपारी कुत्रंही फिरकत नाही. मग मुलं माझ्या ओसरीवर येतात आणि आम्ही जुने हंगाम मांडतो. सुरुवात दरवर्षी एकाच हंगामाने होते: अमेरिकेतली बेसबॉलची नॅशनल लीग, 1906, शिकागो कब्ज हा संघ. आकडे सरळ आहेत आणि शेवट वाकडा आहे, म्हणून.

पहिल्या पानावर गुणतक्ता. लीगमध्ये आठ संघ, प्रत्येकाने बाकीच्या सातांशी 22 सामने खेळायचे, म्हणजे 154. पाच रकाने आखा: संघ, जिंकले, हरले, टक्केवारी, किती सामने मागे. कब्जपुढे लिहा 116 आणि 36. दुसऱ्या ओळीत न्यूयॉर्क जायंट्स, 96 आणि 56. तिसऱ्या ओळीत पिट्सबर्ग, 93 आणि 60. सगळ्यात खाली बोस्टन, 49 आणि 102. मधले चार तूर्त सोडा. शेवटचे दोन रकाने कोरेच ठेवा. ते तुम्ही भरायचे आहेत, कुठून उतरवायचे नाहीत.

टक्केवारी सोपी आहे. जिंकलेले सामने भागिले निकाली सामने. 116 भागिले 152, उत्तर 0.763. बेसबॉलवाले शून्य लिहीत नाहीत, नुसतं .763 लिहितात. 'निकाली' शब्दाखाली मात्र रेघ मारा. कब्जचे त्या वर्षी तीन सामने बरोबरीत सुटले. दिवे नव्हते, अंधार पडला की अंपायर खेळ थांबवायचा. ते तीन धरले तर सामने 155 होतात, पण टक्केवारीत त्यांना जागा नाही.

हे मी एवढं ठासून सांगतो, कारण एकदा माझ्याच हातून घोटाळा झालाय. एका स्पर्धेत पावसामुळे सुटलेला सामना मी दोन्ही संघांच्या 'हरले'मध्ये टाकला. उपांत्य फेरीला भलताच संघ गेला. चूक लक्षात आली तेव्हा ज्यांना जायला हवं होतं त्या पोरी एसटीत बसून घरी पोचल्या होत्या. त्यांच्यातली एक आता स्वतः कोच आहे. भेटली की अजून विचारते, "सर, बरोबरी कुठे लिहिता हल्ली?"

आता 'किती सामने मागे'. नवीन माणूस इथेच अडकतो. पहिल्या संघाचे विजय वजा आपले विजय. मग आपले पराभव वजा पहिल्याचे पराभव. दोन्हींची बेरीज, भागिले दोन. जायंट्सचं करा: 20 अधिक 20, निम्मे 20. पिट्सबर्गचं: 23 अधिक 24, निम्मे साडेतेवीस. 'साडे' बघून घाबरू नका. सामने कमीजास्त झाले की अर्धा येतोच. बोस्टनचं तुम्हीच करा. साडेसहासष्ट आलं पाहिजे.

96 सामने जिंकूनही जायंट्स वीस सामने मागे राहिले, हा आकडा वहीत उतरला की मुलं जरा गप्प होतात.

दुसरं पान खेळाडूंचं. इथे नाव लिहिण्याआधी जागेचा नंबर लिहायची सवय लावा. पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (बॅट्समनच्या मागे चेंडू झेलणारा) 2, पहिला बेस (धावताना गाठायचा टप्पा) 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) 6. सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांना हे पाठ असतं. कब्जचा शॉर्टस्टॉप जो टिंकर, दुसऱ्या बेसवर जॉनी एव्हर्स, पहिल्यावर फ्रँक चान्स. चान्सच मॅनेजरही होता. टिंकरने चेंडू उचलून एव्हर्सला दिला, त्याने चान्सला, दोन गडी बाद. हे सगळं स्कोअरशीटवर मावतं 6-4-3 एवढ्यात. टिंकर आणि एव्हर्स 1905 मध्ये टांग्याच्या भानगडीवरून भांडले आणि पुढे कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, हे मात्र 6-4-3 मध्ये दिसत नाही. त्यासाठी वहीला समास सोडा.

तिसरं पान एकाच माणसाला द्या: पिचर मॉर्डकाय ब्राउन. लहानपणी इंडियानातल्या शेतावर चारा कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली. पुढे पडून बाकीची बोटंही वाकडी झाली. आपल्याकडे कुट्टी मशीन घरोघरी आहे, त्यामुळे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकदा शेजारचे अप्पा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी काही न बोलता आपलं डाव्या हाताचं आखूड बोट पुढे केलं. मग मी त्यांच्या हातात चेंडू दिला. त्या थोटक्याला चेंडू टेकतो कसा आणि सुटताना कुठल्या बाजूला घासतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. ब्राउनचा चेंडू म्हणूनच बॅटीजवळ येऊन झपकन खाली जायचा.

त्याचा हिशोब असा. 26 विजय, 6 पराभव. इनिंग, म्हणजे तीन गडी बाद होईपर्यंतची पाळी, 277.1. हा दशांश नाही बरं का! क्रिकेटमध्ये 12.3 षटकं म्हणजे बारा षटकं तीन चेंडू, तसं हे 277 इनिंग आणि एक गडी, म्हणजे एक तृतीयांश. त्याच्या खात्यावरच्या धावा 32. क्षेत्ररक्षकांच्या चुकीने गेलेल्या धावा यात धरत नाहीत. 32 गुणिले 9, भागिले 277.33. उत्तर 1.04. म्हणजे नऊ इनिंगला जेमतेम एक धाव. नॅशनल लीग ही सरासरी अधिकृतपणे काढायला लागली ती 1912 पासून. तेव्हा खुद्द ब्राउनला 1906 मध्ये हा आकडा छापील तक्त्यात दिसला नसणार. तो मागाहून काढलेला आहे.

होमरनचा, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून येण्याचा, रकाना अरुंद ठेवा. कब्जचे अख्ख्या हंगामात वीस. एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरायचे, पिचरने त्यावर थुंकणंही नियमात बसत होतं. कोण कुठवर मारणार?

शेवटची सहा पानं वर्ल्ड सिरीजची, म्हणजे दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेची. समोर त्याच शहरातला व्हाइट सॉक्स, दुसऱ्या लीगचा, म्हणजे अमेरिकन लीगचा विजेता. फलंदाजीची सरासरी .230, म्हणजे शंभर प्रयत्नांत तेवीस यशस्वी फटके, त्यांच्या लीगमध्ये सगळ्यात कमी. होमरन सात. 9 ते 14 ऑक्टोबर, सहा दिवसांत सहा सामने. एका पानावर एकच सामना लिहा, आणि सॉक्सचा आकडा आधी: 2-1, 1-7, 3-0, 0-1, 8-6, 8-3. बेरीज 22 विरुद्ध 18, सामने 4-2. हंगामात 116 जिंकलेला संघ हरला. पाचव्या सामन्याच्या पानावर एररचा, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा, रकाना नीट भरा. सॉक्सने सहा एरर केल्या आणि तरी जिंकले. माझ्या पोरांनी सहा केल्या असत्या तर मी त्यांना मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.

सहाव्या सामन्यात ब्राउन पुन्हा पिचर. दोनच दिवसांपूर्वी त्याने पूर्ण सामना टाकून 1-0 असा जिंकून दिला होता. पिचर बदलला की स्कोअरशीटवर त्या जागी जाड रेघ मारायची असते. ती रेघ इथे दुसऱ्या इनिंगमध्येच येते. मुलं दरवर्षी तिथे थांबतात, वही माझ्यापुढे सरकवतात, "सर, चुकलं का काही?"

नाही, रेघ बरोबर आहे. पुढे लिहा.