रोमन दिवे आणि मृद्‌भांडी जमवताना

रोमन काळातील मातीचे दिवे साच्यांतून मोठ्या संख्येने बनवले जात असल्याने त्यांतले साधे नमुने आजही विक्रीस येतात आणि नवख्या संग्राहकाला परवडतातही. मात्र दिव्याकडे पाहण्याआधी त्याची कागदपत्रे पाहावीत. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, त्यामुळे वस्तू त्यापूर्वीच एखाद्या संग्रहात होती असे दाखवणारी पावती किंवा लिलावाची सूची हा भक्कम पुरावा ठरतो. ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढेच विक्रेता सांगत असेल, तर दिवा कितीही देखणा असला तरी घेऊ नये, कारण चोरून उकरलेल्या दिव्यामागे एखादे थडगे किंवा घर अभ्यासाविनाच उद्ध्वस्त झालेले असते. वस्तू भारतात आणायची असल्यास सीमाशुल्काचे नियम आणि १९७२ चा पुरावशेष कायदा आधी समजून घ्यावा.

दिव्याचे वरचे व खालचे अंग वेगवेगळ्या साच्यांत दाबून नंतर जोडत असत, म्हणून कडेला सांध्याची रेघ शोधावी. वातीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना वेटोळ्यांची नक्षी आणि मधल्या चकतीवर ग्लॅडिएटर, देवता किंवा प्राणी असे चित्र असेल, तर दिवा बहुधा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील असतो. तळावरील ‘फोर्टिस’ हा ठसा उत्तर इटलीतील मोदेना भागातल्या कारखान्याशी जोडला जातो, परंतु त्याची नक्कल अनेक प्रांतांत होत असल्याने केवळ ठशावरून उगमस्थान ठरवू नये. तयार दिव्यावरूनच नवा साचा घेण्याची पद्धतही तेव्हा रूढ होती. माती सुकताना व भाजताना आकसते, म्हणून अशा प्रत्येक पिढीतला दिवा थोडा लहान आणि त्यावरचे चित्र थोडे पुसट होत जाते. आजचे नकलाकारही हीच युक्ती वापरतात, त्यामुळे पुसटपणा हा खरेपणाचाही पुरावा नव्हे आणि खोटेपणाचाही नव्हे. शंका राहिल्यास आणि किंमत मोठी असल्यास माती शेवटची केव्हा भाजली गेली याचा अंदाज देणारी तापदीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स) चाचणी करून घ्यावी.

भांड्यांची सुरुवात, माझ्या मते, अखंड वाडग्यापेक्षा खापरांनी करावी, कारण तुटलेल्या कडेवर मातीचा पोत आणि लाल चकचकीत लेपाची जाडी स्पष्ट दिसते. इटलीतील अरेत्झो आणि फ्रान्समधील ला ग्रॉफेसंक, लेझू ही या लाल भांड्यांची प्रसिद्ध केंद्रे होत. अशी खापरे किती बोलकी असतात हे आपल्याकडेही दिसले आहे: १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथील उत्खननात मिळालेल्या अरेत्झोच्या खापरांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथल्या थरांचा काळ निश्चित केला.

घरी आणलेला दिवा त्याच्या मुठीला (कडीला) धरून उचलू नये, कारण ती बहुतेकदा पूर्वी तुटून चिकटवलेली असते. तोंडाजवळची काजळी खरवडू नये, तसेच त्यात तेल घालून तो पेटवू नये. जुन्या तेलाचे अंश मातीत मुरलेले असू शकतात आणि प्रयोगशाळेत त्यांचा अभ्यास करता येतो. पृष्ठभागावर क्षारांची पांढरी पूड दिसू लागल्यास स्वतः धुण्याऐवजी संवर्धकाकडे न्यावा.